एसीपीच्या पोटातली माती

पाथर्डीच्या बाजारपेठेत दुकानाला नवं रूप द्यायचं म्हटलं की आधी दर्शनी भागावर एसीपी चढते. ॲल्युमिनियमचे दोन पातळ पत्रे, मध्ये प्लॅस्टिकचा थर, सगळं मिळून 3-4 मिलिमीटर. फॅब्रिकेटरने कापून टाकलेल्या तुकड्याची कड मी निरखून पाहिली आणि मला कुडाची भिंतच दिसली. आत-बाहेर मातीचा लेप, पोटात तुराट्या नाहीतर पऱ्हाट्या. मधलं जळणारं, वरचं न जळणारं. माझं ठाम मत आहे की एसीपीचं कूळ कुडात शोधायला हवं.

अभियांत्रिकीचा इतिहास लिहिणारे हे मान्य करणार नाहीत. दोन पातळ थरांत गाभा ठेवायच्या रचनेची सुरुवात ते 1849 सालच्या अभियंता विल्यम फेअरबेर्नपासून धरतात. तिथून 1940 साली उडालेल्या ब्रिटिश ‘मॉस्किटो’ विमानावर येतात. त्याच्या सांगाड्यात प्लायवुडच्या दोन थरांमध्ये हलकं बाल्सा लाकूड होतं. पुढे 1969 मध्ये ‘अल्युसुइस’ या स्विस कंपनीने अल्यूकोबाँड आणलं, आणि एसीपी जन्मली. सनावळी बरोबर आहे. स्विस कारखाना आणि आपल्या तुराट्या यांच्यात कागदोपत्री दुवा नाही, आणि तसा माझा दावाही नाही. नातं रचनेचं आहे. पण विमानाच्या वंशावळीत फक्त वजनाचा विचार आहे. मॉस्किटोची सालही लाकडाची आणि गाभाही लाकडाचा. गाभ्याला आगीपासून राखणं हे तिथे सालीचं कामच नव्हतं. कुडात ते होतं. एसीपी इमारतीवर चढली की ती भिंतीचा भाग होते, म्हणून तिला भिंतीचीच परंपरा लावून पाहिली पाहिजे.

कूड लिंपायची माती उगाच कालवत नसत. शेण आणि भुसकट घालून ती पायांनी तुडवायची, काही दिवस कुजू द्यायची, मग काड्यांच्या फटींत दाबून बसवायची. सणावाराला सारवताना भेगा बुजायच्या. लेप सुटला आणि काडी उघडी पडली की तिथून ठिणगी आत शिरणार, हे घरातल्या बाईला पक्कं ठाऊक असे. शिवाय चिकणमातीच्या कणांच्या घडणीतच पाणी बांधलेलं असतं. माती खूप तापली की ते सुटतं आणि सुटताना उष्णता खातं.

एसीपीत ही राखण नाही. स्वस्त शीटचा गाभा पॉलिइथिलीनचा असतो आणि तो किलोमागे जवळपास पेट्रोलइतकीच उष्णता देतो. ॲल्युमिनियम 660 अंशांना वितळतं, गाभा त्याच्या कितीतरी आधी पाघळतो. त्यात कोपरा वळवण्यासाठी फॅब्रिकेटर शीटच्या पाठीला खाच मारतो आणि गाभा उघडा पडतो. शीट आणि भिंत यांच्यामध्ये पोकळी राहते. ती आगीला धुराड्यासारखी वर ओढते. बहुतेक ठिकाणी पाटीच्या दिव्यांच्या वायरीही त्याच पोकळीतून गेलेल्या असतात.

लंडनच्या 24 मजली ग्रेनफेल टॉवरमध्ये 14 जून 2017 रोजी चौथ्या मजल्यावरच्या फ्रीजपासून आग लागली. ती बाहेरच्या आवरणावरून वर चढली आणि 72 माणसं गेली. तिथलं पॅनेल पॉलिइथिलीन गाभ्याचंच होतं. त्यानंतर इंग्लंडने 18 मीटरहून उंच निवासी इमारतींवर जळणारं आवरण लावायला बंदी केली.

आता मला सगळ्यात मोलाचा वाटणारा दुवा. आगीला टिकणारी एसीपी बनवताना तिच्या गाभ्यात खनिज पूड भरतात. त्यातलं एक मुख्य खनिज ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड. निसर्गात त्यालाच गिब्साइट म्हणतात. ते जांभ्यात सापडतं, कोल्हापूरकडच्या बॉक्साइटमध्येही सापडतं. साधारण 200 अंशांपुढे तापलं की त्याच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त पाणी वाफ होऊन निघतं आणि आग थंडावते. उत्तम दर्जाच्या शीटमध्ये असं खनिज 90 टक्क्यांच्या आसपास असतं. म्हणजे एवढा प्रवास करून शीटच्या पोटात मातीच भरावी लागली! वजनाच्या वंशावळीतून याचा उलगडा होत नाही, कुडाच्या वंशावळीतून होतो.

पाथर्डी तालुक्यातून ऊसतोडीला जाणारी कुटुंबं कारखान्याच्या तळावर कोपीत राहतात. बांबू, चटई, पाचट, वर प्लॅस्टिकचा कागद. लेप नसलेला कूडच तो. चुलीतली एक ठिणगी त्याला पुरते. दुकानाच्या चकचकीत दर्शनी भागाची जात हीच आहे, हे माझं म्हणणं कुणाला टोकाचं वाटेल. पण उघडा गाभा दोन्हीकडे आहे.

म्हणून दुकानदारांना आणि दवाखाना, मंगल कार्यालय बांधणाऱ्यांना विनंती आहे. शीट निवडताना रंगाआधी गाभा विचारा. खनिज गाभ्याचा चाचणी दाखला मागा आणि त्यावरचं नाव शीटच्या पाठीवरच्या छापाशी ताडून घ्या. कापलेली प्रत्येक कड झाकून घ्या, वायरी पोकळीतून बाहेर काढा. आणि वरच्या मजल्याच्या खिडक्यांवर शीट मारू नका. धूर निघायला आणि माणसं बाहेर काढायला त्याच खिडक्या लागतात.