दोन मुली, तेरा मुलं आणि बुद्ध्यांकाचा चुकलेला हिशोब

आजची गोष्ट आहे अमेरिकेतल्या आयोवा राज्याची. काळ १९३० च्या दशकातला.

मूल दोन वर्षांचं झालं आणि अजून बोलत नाही असं कुणी म्हटलं, की आपल्याकडे उत्तर तयार असतं. "अगं, त्याचे बाबापण उशिराच बोलायला लागले. थांब थोडं." कधीकधी ते खरंही निघतं. पण खरं नसेल तर या थांबण्याची किंमत काय? आजची गोष्ट त्या किमतीचीच आहे.

आयोवात डॅव्हनपोर्ट नावाच्या गावी सरकारी अनाथाश्रम होता. मुलं खूप, सांभाळणारी माणसं मोजकी. तान्ह्या बाळांना वेळेवर दूध मिळायचं, कपडे बदलले जायचे, बस. कुणी उचलून घेतंय, गप्पा मारतंय, खेळवतंय असं जवळपास नाहीच. हॅरल्ड स्कील्स हे तिथे मुलांची तपासणी करणारे मानसशास्त्रज्ञ. त्यांच्यासमोर दोन मुली आल्या, एक १३ महिन्यांची, दुसरी १६ महिन्यांची. दोघींची वाढ मात्र सहा-सात महिन्यांच्या बाळाइतकीच. बुद्ध्यांक ४६ आणि ३५.

त्या काळी बुद्धी जन्मतःच ठरलेली असते असं बहुतेक तज्ज्ञ मानत. त्यामुळे या मुलींना कुणी दत्तक घेणार नाही असं धरून त्यांना एका दुसऱ्या सरकारी संस्थेत पाठवलं. तिथे तेव्हाच्या भाषेत 'मंदबुद्धी' ठरवलेल्या मोठ्या स्त्रिया राहायच्या. थोडक्यात, या मुलींची फाइल बंद झाली होती.

काही महिन्यांनी स्कील्स त्या संस्थेत गेले तेव्हा या दोघी हसत-खेळत पळत होत्या. त्यांनी पुन्हा चाचणी घेतली. आकडे आले ७७ आणि ८७. त्यांचा विश्वास बसेना, म्हणून पुढे पुन्हा पुन्हा चाचण्या घेतल्या. मुली साडेतीन वर्षांच्या आसपास पोचल्या तेव्हा आकडे होते ९५ आणि ९३, म्हणजे चारचौघांसारखेच.

औषध दिलं नव्हतं, की कुठली नवी पद्धत वापरली नव्हती. वॉर्डमधल्या बायकांनी या दोघींना लळा लावला होता. दिवसभर कुणी ना कुणी त्यांच्याशी बोलायचं, खेळायचं, त्यांना कडेवर घेऊन फिरायचं. प्रत्येकीला एक 'आपलं' माणूस मिळालं होतं.

मग स्कील्सनी सरकारला गळ घातली आणि आणखी मुलं अशीच पाठवली. या दोघींना धरून एकूण १३, सगळी तीन वर्षांच्या आतली. त्यांचा सरासरी बुद्ध्यांक ६४ वरून जवळपास ९२ वर गेला. अनाथाश्रमातच राहिलेल्या १२ मुलांची नोंद नंतर तुलनेसाठी काढली. ती सुरुवातीला जास्त हुशार होती, सरासरी जवळपास ८७. काही वर्षांत ती ६० पर्यंत घसरली होती.

१९३९ मध्ये हे निष्कर्ष छापून आले आणि स्कील्सवर टीकेची झोड उठली. बुद्ध्यांक चाचणीतलं मोठं नाव असलेले स्टॅनफर्डचे लुईस टर्मन विरोधकांत होते. सगळी टीका काही खोटी नव्हती. मुलं थोडी होती, गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते. मग महायुद्ध आलं, स्कील्स लष्करी सेवेत गेले आणि विषय मागे पडला.

पण पुढे, वीस वर्षं उलटल्यावर, स्कील्सनी या सगळ्यांचा शोध घेतला. तो अहवाल १९६६ मध्ये आला. पाठवलेली तेराही माणसं स्वतःच्या पायावर उभी होती, त्यांतल्या अकरा जणांची लग्नं झाली होती. निम्म्यांनी तरी बारावीपर्यंत मजल मारली होती. मागे राहिलेल्या बारांपैकी एकाचा किशोरवयात संस्थेतच मृत्यू झाला होता, चार जण अजून संस्थांमध्येच होते, आणि निम्म्यांचं शिक्षण तिसरीच्याही आत थांबलं होतं.

त्या बारांमधला एक अपवाद मला फार महत्त्वाचा वाटतो. त्याला ऐकू कमी यायचं. हे लक्षात आल्यावर तो कर्णबधिरांच्या शाळेत गेला, तिथल्या मेट्रननं त्याच्यावर माया केली. पुढे तो छापखान्यात कंपोझिटर झाला आणि चांगलं कमावू लागला. म्हणजे ज्याचं अपंगत्व ओळखलं गेलं आणि ज्याला योग्य शाळा मिळाली, तोच वर आला!

इथे एक सावधगिरी. या अभ्यासातून 'प्रेम करा, सगळं बरं होईल' असा अर्थ काढू नका. डाऊन सिंड्रोम किंवा सेरेब्रल पाल्सी मायेनं जात नाही. आणि मूल मागे पडलं म्हणजे आई कमी पडली असंही नाही. मुद्दा इतकाच, की पहिल्या काही वर्षांत मिळालेली मदत मूल कुठवर जाईल हे बदलू शकते. १९८६ मध्ये अमेरिकेनं कायदा करून जन्मापासूनच अशा सेवा देण्यासाठी राज्यांना निधी द्यायला सुरुवात केली. भारतात २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. त्याचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येणं अपेक्षित असतं, आणि पुढच्या उपचारांसाठी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राची सोय आहे. घरात, शेजारी कुणाला शंका असेल तर 'थांबा' म्हणण्याऐवजी ही नावं सांगा. तपासणीत काही निघालं नाही, तर बिघडलं काहीच नाही.

आता राहिल्या त्या वॉर्डमधल्या बायका. प्रशिक्षित माणसांना जे जमलं नव्हतं ते 'मंदबुद्धी' शिक्का बसलेल्या बायकांनी करून दाखवलं. मुलं मोठी झाली, बहुतेक दत्तक गेली. पण यांचा शिक्का बरोबर होता का, हा प्रश्न त्या अभ्यासाचा विषयच नव्हता. स्कील्सचं नाव आज पुस्तकांत आहे. त्या बायकांपैकी एकीचंही नाव आपल्याला माहीत नाही.