नासासंधान : एका अलिखित विद्येचा मागोवा

एखाद्या प्रदेशात एखाद्या शास्त्राच्या संशोधनाचा ओघ कोणत्या दिशेने वाहत आहे हे ठरविण्याची आजची रीत सोपी आहे. त्या शास्त्राच्या नियतकालिकांतून प्रसिद्ध झालेले निबंध मोजावयाचे, लेखकांची गावे व संस्था पाहावयाच्या आणि कोष्टके मांडावयाची. प्लास्टिक शस्त्रक्रियेच्या शाखेत बोटुलिनम विषाच्या उपयोगासंबंधी अशी मोजदाद आता जगभर होते. या मोजदादीत काही गैर आहे असे नव्हे. परंतु जे छापले गेले तेवढेच संशोधन, असे एक गृहीत तिच्या मुळाशी असते. ते गृहीत महाराष्ट्राच्या बाबतीत कितपत टिकते, हे या शाखेचा पूर्वेतिहास पाहिल्यावाचून सांगता येणार नाही. कारण या प्रदेशाने या शाखेला जे सर्वांत मोठे देणे दिले ते देणाऱ्याने त्याविषयी एक ओळही लिहिलेली नाही.

इ. स. १७९४ च्या ऑक्टोबर महिन्यात लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन' या मासिकात संपादकांस उद्देशून एक पत्र प्रसिद्ध झाले. खाली केवळ दोन आद्याक्षरांची सही होती. पत्रासोबत एका माणसाचे चित्र होते आणि त्याच्या नाकाची हकीकत मजकुरात दिली होती. हा मनुष्य जातीने शेतकरी, म्हणजे कुणबी, मराठा असून इंग्रजी फौजेत बैल हाकण्याच्या कामावर होता. १७९२ च्या युद्धात तो टिपूच्या हाती सापडला. त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. त्याच स्थितीत तो श्रीरंगपट्टणाजवळ मुंबईच्या फौजेला येऊन मिळाला व पुढे कंपनीचा वेतनदार झाला. वर्षाहून अधिक काळ तो नाकावाचून राहिला आणि नंतर पुण्याजवळ वीट करणाऱ्यांच्या जातीतील एका माणसाने त्याला नवे नाक बसविले. मूळ चित्र जेम्स वेल्स याने काढलेले. सवाई माधवराव आणि नाना फडणीस यांची चित्रे काढणारा आणि रेसिडेंट मॅलेट याच्या आश्रयाने पुण्यात राहिलेला चित्रकार तो हाच. चित्र जानेवारी १७९४ मध्ये, शस्त्रक्रियेनंतर दहा महिन्यांनी काढले असे पत्रात म्हटले असल्यामुळे शस्त्रक्रियेचा काळ १७९३ च्या मार्चच्या सुमाराचा ठरतो.

मुंबई इलाख्यातील दोन इंग्रज वैद्यांनी ही क्रिया स्वतः पाहिली होती व त्यांच्या सांगण्यावरून तिचा क्रम पत्रात दिलेला आहे. तो थोडक्यात असा : मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या खुंटावर बसवून नाकाचा घाट तयार करावयाचा. मग तो सपाट करून कपाळावर ठेवावयाचा व त्याच्याभोवती रेघ ओढावयाची. तेवढी कातडी सोडवावयाची. मात्र दोन डोळ्यांच्या मध्ये एक अरुंद पट्टी न कापता जोडलेली राहू द्यावयाची. नाकाच्या खुंटावरील जुना व्रण खरवडून ताजा करावयाचा, त्यामागे नाकपुड्यांभोवतून वरच्या ओठापर्यंत चीर घ्यावयाची आणि कपाळावरची कातडी अर्धा वळसा देऊन खाली आणून त्या चिरेत तिच्या कडा बसवावयाच्या. वर पाण्यात भिजविलेला कात कापडाच्या पट्ट्यांना लावून अशा पाचसहा पट्ट्या एकावर एक ठेवावयाच्या. चार दिवसांनी त्या काढून तुपात भिजविलेली कापडे लावावयाची. पहिले पाचसहा दिवस रोग्याने उताणे निजावयाचे. दहाव्या दिवशी नाकपुड्या मोकळ्या राहाव्यात म्हणून त्यांत मऊ कापडाचे बोळे घालावयाचे आणि पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास डोळ्यांमधील पट्टी कापून टाकावयाची.

या वर्णनात शास्त्रदृष्ट्या सर्वांत महत्त्वाची गोष्ट ती न कापलेली पट्टी होय. तिच्यातून रक्त वाहत राहते आणि नव्या जागी कातडी रुजेपर्यंत तिला जगविते. पत्रलेखकाने हे कारण स्पष्टपणे नोंदविले आहे. पंचविसाव्या दिवसापर्यंत थांबण्याचा नियम तर पुष्कळ नाके पाहिल्यावाचून बसणे शक्य नाही. अर्थात वीट करणाऱ्या त्या माणसाच्या हाताशी केवळ कौशल्य नव्हते, तर पारखून घेतलेला अनुभव होता. त्याला संशोधन म्हणावयाचे नसेल तर त्या शब्दाची व्याख्याच तपासावी लागेल.

आता भाषेच्या बाजूने या पत्राकडे पाहिले असता काही चमत्कारिक गोष्टी दिसतात. रोग्याचे नाव इंग्रजीत 'कावसजी' असे पडले आहे. हे नाव पारशी समाजात सर्वत्र आढळते. कुणब्याचे नाव म्हणून ते विचित्र वाटते. मराठ्यांत मात्र 'कावजी' हे नाव शिवकालापासून परिचित आहे. मुंबईच्या इंग्रज लेखनिकाच्या हाताला पारशी नावाचे वळण पडलेले असल्यामुळे कावजीचा कावसजी झाला असावा, हे अनुमान सयुक्तिक दिसते. शस्त्रवैद्याच्या बाबतीत तर नावही शिल्लक नाही. मूळ पत्रात 'वीट करणारा' एवढेच आहे; नंतरच्या ग्रंथकारांनी त्याचा सरसकट 'कुंभार' केला. महाराष्ट्रात कुंभार विटाही भाजतात, तेव्हा हे रूपांतर अशक्य नव्हे. पण इंग्रजीत कुंभाराला वेगळा शब्द असताना पत्रलेखकाने तो वापरला नाही, हेही विसरता कामा नये.

काताची गोष्ट याहून बोलकी आहे. पत्रात त्याला युरोपीय औषधविक्रेत्यांचे जुने नाव दिले आहे, ज्याचा शब्दशः अर्थ 'जपानची माती' असा होतो. कात ही मातीही नव्हे व जपानचीही नव्हे. खैराचे लाकूड उकळून काढलेला तो अर्क. सह्याद्रीच्या रानात तो करणारे म्हणून कातकरी हे नाव पडले. त्याच्या तुरटपणामुळे रक्तस्राव थांबण्यास मदत होते आणि वाळल्यावर तो पट्ट्यांना घट्ट धरून ठेवतो. पुण्यातील विड्याच्या प्रत्येक डब्यात असलेली ही वस्तू लंडनच्या वाचकापर्यंत जपानची माती होऊन पोहोचली! आणि खुद्द क्रियेला त्या माणसाच्या तोंडी कोणता शब्द होता, ते तर कोणीच लिहून ठेवले नाही. 'नाक जाणे', 'नाक कापणे', 'नकटा' असे शब्द व वाक्प्रचार मराठीत मुबलक आहेत. गेलेले नाक परत बसविण्याला मात्र रूढ शब्द उरलेला नाही. प्रस्तुत लेखाच्या शीर्षकातील 'नासासंधान' हा शब्द सुश्रुताचा आहे, पुण्याच्या कारागिराचा नव्हे.

येथे एका प्रचलित समजुतीची तपासणी आवश्यक आहे. सुश्रुतापासून पुण्याच्या या माणसापर्यंत एकच अखंड परंपरा चालत आली असे अनेकदा अभिमानाने लिहिले जाते. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात सोळाव्या अध्यायात नासासंधानविधी आहे, यात शंका नाही. परंतु तेथे नाकाचे माप झाडाच्या पानाने घेण्यास सांगितले असून कातडी गालाच्या बाजूची घेतलेली आहे. वरून पतंग, ज्येष्ठमध व रसांजन यांचे चूर्ण आणि तिळाचे तेल सांगितले आहे. पुण्यास पानाऐवजी मेण, गालाऐवजी कपाळ व चूर्णाऐवजी कात आहे. कातडी एका बाजूने जोडलेली ठेवण्याचे तत्त्व तेवढे दोहोंत समान. कपाळाच्या कातडीने व्रण डोक्याच्या बाजूला जातो, शिवाय तेथील रक्तपुरवठा विपुल असतो. हा बदल ज्या कोणी प्रथम केला त्याने मूळ विद्येत भरच घातली. परंपरा अखंड होती असे सिद्ध करण्याच्या भरात ही भर नाहीशी केली जाते आणि सारे श्रेय ग्रंथाकडे जाते. हिमालयाच्या पायथ्याशी कांगड्यातही नाके बसविणारी घराणी होती. त्यांचीही विद्या बापाकडून मुलाकडे गेली, ग्रंथातून नव्हे.

पुढील कथा सर्वश्रुत असल्यामुळे तिचा विस्तार नको. इटलीत सोळाव्या शतकाच्या अखेरीस ताल्याकोत्सी याने दंडाची कातडी वापरून नाक करण्याची रीत ग्रंथबद्ध केली होती. त्यासाठी रोग्याचा हात कित्येक दिवस चेहऱ्याला बांधून ठेवावा लागे आणि ती रीत पुढे मागे पडली. लंडनच्या जोसेफ कार्प्यू याने पुण्याच्या पद्धतीची चौकशी करून, प्रेतांवर सराव करून, २३ ऑक्टोबर १८१४ रोजी तिचा पहिला प्रयोग केला व १८१६ मध्ये दोन रोग्यांची हकीकत प्रसिद्ध केली. १८१८ मध्ये बर्लिनच्या ग्रेफे याच्या ग्रंथाच्या नावात 'प्लास्टिक' हे पद आले व त्यातून या शाखेच्या नामकरणाला चालना मिळाली. ग्रीक भाषेत त्या शब्दाच्या मुळाशी ओली माती किंवा मेण घडविणे हा अर्थ आहे. वीट घडविणाऱ्याच्या हातून निघालेल्या विद्येला हे नाव मिळावे, हा योगायोग असला तरी मोठा अन्वर्थक आहे. पाठ्यपुस्तकांतून ही पद्धती 'भारतीय पद्धती' या नावाने आजही ओळखली जाते.

महाराष्ट्रात ही शाखा विद्यापीठीय रूपाने परतली ती १९५० नंतरच्या दशकात. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९५८ साली डॉ. नोशेर अंतिया यांनी प्लास्टिक शस्त्रक्रियेचा विभाग उभारला. नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. सी. बाळकृष्णन् यांनी हेच कार्य केले. अंतिया हे इंग्लंडात सर हॅरल्ड गिलीज यांच्या हाताखाली शिकलेले. परत आल्यावर पुण्याजवळ कोंढवा येथील कुष्ठरुग्णालयात त्यांनी जे काम केले ते या इतिहासात विशेष ध्यानात घेण्याजोगे आहे. कुष्ठरोगात नाकाचा आतला आधार झिजतो व नाक बसते, चेहऱ्याची मज्जा मेल्यामुळे पापणी मिटत नाही, बोटे आखडतात. टिपूच्या कैदेत नाक गेलेल्या कावजीला कंपनीचे वेतन तरी मिळाले. रोगाने नाक बसलेल्या माणसाला गावाबाहेर काढले जात असे. म्हणून नाक नीट करणे हे त्याला पुन्हा माणसांत आणणे होते. अंतियांचा कुष्ठरोग्यांच्या चेहऱ्याच्या पुनर्रचनेवरील निबंध १९६३ मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेजच्या नियतकालिकात आला. कानाच्या कडेच्या दुरुस्तीसाठी त्यांनी व बुच यांनी १९६७ मध्ये दिलेली पद्धती आजही त्या दोघांच्या नावाने चालते. दीडशेहून अधिक वर्षांनंतर प्रथमच या प्रदेशातील शल्यविद्येला स्वतःचे नाव व स्वतःची नोंद मिळाली, जरी ती नोंद इंग्रजीतच राहिली.

याच अंतियांनी पुढे १९७५ मध्ये सामाजिक आरोग्याच्या संशोधनासाठी संस्था स्थापिली व खेड्यांतील अल्पशिक्षित स्त्रियांच्या हाती आरोग्याचे ज्ञान देण्याचा पुरस्कार केला. ज्या विचाराकडे ते शस्त्रक्रियागृहातून आले, त्याच विचाराचा प्रयोग अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यात अगोदरच सुरू झाला होता. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने जामखेड येथे सर्वांगीण ग्रामीण आरोग्य प्रकल्प उभारला. १९७९ मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. जामखेड हा जिल्ह्याच्या दक्षिणेकडील अवर्षणग्रस्त भाग. तेथे गावोगावच्या ज्या स्त्रिया आरोग्यसेविका झाल्या त्यांतील बहुतेक निरक्षर होत्या व कित्येक दलित समाजातील होत्या. कुष्ठरोग्यांना वेगळे न ठेवता इतर रोग्यांबरोबरच वागविणे हे तेथील धोरण होते, आणि अंगावरील बधिर चट्टा ओळखणे हे या स्त्रियांच्या शिक्षणाचा भाग होते.

शल्यशास्त्राच्या इतिहासात अशा स्त्रियांचा उल्लेख कशासाठी, असा प्रश्न येथे उपस्थित होईल. उत्तर वैद्यकीयच आहे. मज्जा मरण्यापूर्वी चट्टा ओळखला व औषध सुरू झाले तर नाक बसत नाही, पापणी उघडी राहत नाही, आणि प्लास्टिक शस्त्रक्रियेची वेळच येत नाही. जी शस्त्रक्रिया टळली तिची गणना कोणत्याही नियतकालिकात होत नाही. लिहिता न येणाऱ्या बाईने पदराआड झाकलेला चट्टा पाहून शेजारणीला दवाखान्यात नेले, ही घटना संशोधनाच्या कोष्टकात बसत नाही. १७९३ चे नाकही त्या कोष्टकात बसले नसते, जर वेल्सने चित्र काढले नसते.

बोटुलिनम विषाचा इतिहास याच्या अगदी उलट, म्हणजे पहिल्यापासून छापील आहे. लॅटिनमधील 'बोटुलस', म्हणजे मांस भरलेले आतडे, या शब्दावरून ते नाव पडले. खराब झालेल्या अशा मांसाने होणाऱ्या विषबाधेचे वर्णन जर्मनीत केर्नर याने १८२० व १८२२ मध्ये लिहिले, बेल्जममध्ये व्हान अर्मेंगेम याने १८९५ मध्ये तिचे जंतू शोधले, अमेरिकेत ॲलन स्कॉट याने तिरळेपणावर ते वापरले. १९८९ मध्ये अमेरिकेत औषध म्हणून त्याला मान्यता मिळाली आणि २००२ मध्ये भुवयांमधील आठ्यांसाठीही मिळाली. मज्जेकडून स्नायूकडे जाणारा संदेश ते काही महिने अडविते. प्रत्येक पायरीला लेखक, वर्ष व नियतकालिक आहे. महाराष्ट्रातील वैद्य त्यावर जे लिहितात तेही जगाच्या त्याच कोष्टकात पडते, आणि त्यात वावगे काहीच नाही. फरक एवढाच की कुष्ठरोगात जो स्नायू नको असताना निजतो तो जागा करण्याचा, निदान त्याच्या जागी दुसरा स्नायू आणून पापणी मिटविण्याचा प्रश्न कोंढव्यास होता. येथे जागा असलेला स्नायू मुद्दाम निजविला जातो. आठ्या घालविणे हे या औषधाचे एकमेव कार्य नव्हे. अर्धांगानंतर आखडलेल्या हातापायांनाही त्याचा लाभ होतो. प्रादेशिक संशोधनाचा कल मोजताना या दोन उपयोगांची बेरीज एकाच रकान्यात करणे योग्य होणार नाही.

भाषाभ्यासकाच्या दृष्टीने एक काम मात्र अजून करता येण्याजोगे आहे. पुण्याच्या कारागिराने कातडी कोणत्या हत्याराने सोडविली, त्या हत्याराला तो काय म्हणे, डोळ्यांमधील पट्टीला त्याचा कोणता शब्द होता, याविषयी १७९४ चे पत्र मौन पाळते व ते मौन आता फुटणार नाही. जामखेडच्या पहिल्या पिढीतील स्त्रिया आज वृद्ध आहेत. बधिरपणाची पारख त्या कशाने करीत, चट्ट्याच्या रंगाला व कडेला कोणते शब्द वापरीत, रोगाचे नाव न उच्चारता रोग्याला तो कसा सांगत, हे सारे त्यांच्या बोलीत आहे. नगर जिल्ह्याच्या दक्षिण भागातील बोलींचे सर्वेक्षण जेव्हा हाती घेतले जाईल तेव्हा प्रश्नावलीत नांगराच्या व जात्याच्या भागांची नावे असतीलच. त्यांच्या शेजारी या शब्दांसाठीही एक पान राखून ठेवावे.