सवतबंदीचा कायदा

पदरी मुलगा नाही म्हणून घरात सवत आणणे पूर्वी ठाणे-कुलाबा जिल्ह्यांच्या पट्ट्यातल्या गावांत कायद्याने वर्ज्य नव्हते. आजची नवी मुंबई याच गावांच्या जमिनीवर उभी आहे. मुंबई प्रांताने 1946 मध्ये हिंदूंच्या द्विभार्या विवाहाला बंदी केली आणि सात वर्षांपर्यंत कैद ठेवली. नरसू अप्पा माळी खटल्यात या कायद्याला धर्मस्वातंत्र्याच्या नावाने आव्हान मिळाले. पिंडदानाला पुत्र हवा, हा मुद्दा होता. 1951 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती छागला आणि गजेंद्रगडकर यांनी तो फेटाळला. पुत्र दत्तकही घेता येतो, असे म्हटले. गंमत म्हणजे छागलांनी दाखला दिला तो अमेरिकेतल्या मॉर्मन पंथीयांविरुद्धच्या 1890 च्या निकालाचा: श्रद्धा मोकळी, आचरणावर मात्र कायदा चालतो.

1955 च्या हिंदू विवाह कायद्याने ही बंदी देशभर नेली. पळवाट मात्र विधीतच निघाली. भाऊराव लोखंडे खटल्यात दुसऱ्या लग्नात वधूवरांच्या कपाळाला कपाळ लावले होते. होम आणि सप्तपदी झाली नव्हती. लग्न शाबीतच होत नाही, असे म्हणून सर्वोच्च न्यायालयाने 1965 मध्ये आरोपीला सोडले. बिनविधीचा संसार थाटणाऱ्याला याहून सोयीचा निकाल कुठला!

1970 नंतर याच पट्ट्यात नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोसाठी भूसंपादन सुरू झाले, जमिनीचा मोबदला आला आणि वारसाला मोल चढले. दुसऱ्या बायकोच्या मुलांना 1976 च्या दुरुस्तीने औरस मानले, बापाच्या मिळकतीत वाटा दिला. तिला स्वतःला पत्नी म्हणून वारसा नाही.