कोष आपला, धागा कुणाचा?

मंठ्याजवळच्या शेडमध्ये काका चंद्रिकेवरून कोष उतरवतात, तेव्हा दोन ढीग पडतात. एक पांढऱ्या, टणक कोषांचा. दुसरा दुहेरी, पातळ, भोक पडलेल्या कोषांचा. दुसऱ्याला भाव नावापुरता, कारण त्यातून सलग धागा निघत नाही. पण सलग धागा लागतोच कुठे?

मराठवाड्याला रेशीम नवं नाही. पैठणच्या मागांवर शतकानुशतकं पैठणी विणली गेली, पण तिचं रेशीम मुख्यतः बाहेरून यायचं. विणकर आपला, धागा परका. पुढे चित्र उलटं झालं. जालन्यात तुती रुजली आणि शेतकरी कोष घेऊन कर्नाटकात, रामनगरला जाऊ लागले. २०१८मध्ये जालन्यातच कोष बाजारपेठ सुरू झाली. प्रवास वाचला, पण भाव अजून साडीच्या धाग्यावरच ठरतो.

रेशमाचा दुसरा इतिहास दवाखान्यातला. दुसऱ्या शतकात गॅलेननं रक्तवाहिन्या बांधायला रेशीम सुचवलं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्विस सर्जन थिओडोर कोखर यांनी रेशमी टाक्यांचा पुरस्कार केला. तिसरा धागा रसायनशास्त्राचा. १९०३मध्ये रॅम्सडेन आणि १९०७मध्ये पिकरिंग यांनी दाखवलं, की तेलाच्या थेंबांभोवती बारीक घन कण बसले तर थेंब एकमेकांत मिसळत नाहीत. तेल-पाण्याचं मिश्रण टिकतं.

आज हे तिन्ही धागे एकत्र येताहेत. कोष कापून सोड्याच्या पाण्यात उकळला, की सेरिसिन हा डिंक निघून जातो आणि फायब्रॉइन हे प्रथिन उरतं. ते लिथियम ब्रोमाइडच्या द्रावणात विरघळवून क्षार काढून टाकायचा. मग योग्य ऊब मिळाली, की त्याचे रेणू आपोआप एकमेकांना बिलगून केसाच्या हजारो पट बारीक तंतू बनवतात. त्यांना कुणी विणत नाही. विणीची सूचना रेणूतल्या अमिनो आम्लांच्या क्रमातच असते. आम्हा कोड लिहिणाऱ्यांना हेवा वाटावा असं हे काम! हे तंतू तेलाच्या थेंबांना वेढतात, त्यांचं जाळं पाणीही धरून ठेवतं आणि घट्ट जेल तयार होतं. हळदीतलं कुरकुमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळतं. अशी औषधं जखमेपर्यंत न्यायला हे जेल वापरता येईल का, यावर संशोधन चालू आहे.

या कामासाठी कोष कापायचाच असतो. म्हणजे दुहेरी किंवा भोक पडलेला कोषही चालू शकतो. रोगट, डागी मात्र नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या फायब्रॉइनवरच्या संशोधनातून सेरिजेन ही वैद्यकीय साहित्य बनवणारी कंपनी उभी राहिली. म्हणजे ही वाट महाराष्ट्रातूनही जाते.

अडचण वेगळीच आहे. शरीरात जाणाऱ्या वस्तूला वंशावळ लागते: अंडी कुठली, तुतीवर काय फवारलं, शेड कशानं धुतली. काकांकडे यातलं काहीच लिहिलेलं नाही. ती नोंद झाली नाही, तर पैठणीचा इतिहास उलटा होऊन परत येईल: कोष आपला आणि औषध परकं. म्हणून या दिवाळीत गावी जाताना काकांसाठी एक साधं नोंदींचं ॲप करून नेतोय. पहिली नोंद त्या दुसऱ्या ढिगाची असेल.