उरलेला रंग

आमच्या घरात रंग कधी कुणी निवडला नाही, तो उरायचा. वडिलांनी एकदा खिडक्यांसाठी हिरवा ऑइलपेंट आणला. खिडक्या होऊन उरला तो फाटकाला लागला, फाटकातून वाचला तो न्हाणीघरातल्या पाटाला. शेवटी ब्रश धुण्याआधी आजोबांच्या काठीवरूनही एक हात फिरला. पाहुणे म्हणत, "वा! सगळं कसं मॅचिंग!" आई नुसती हसायची.

म्हणूनच लँड रोव्हर या इंग्रज गाडीचा इतिहास वाचताना मला घरचंच माणूस भेटल्यासारखं वाटलं. रोव्हर कंपनीचे मॉरिस विल्क्स यांच्याकडे वेल्समधल्या अँगलसी बेटावर शेतीच्या कामाला एक अमेरिकन जीप होती, तीही लढाईतून उरलेली! तिच्यावरून १९४७ साली त्यांना ही गाडी सुचली आणि ३० एप्रिल १९४८ रोजी ती ॲमस्टरडॅमच्या प्रदर्शनात उभी राहिली. पोलादाची टंचाई, म्हणून अंग ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचं. आणि रंग? विमानाच्या कॉकपिटला आतून लावायचा फिकट हिरवा म्हणे शिल्लक पडला होता, तोच फासला. गिऱ्हाइकाला निवड होती : हिरवी घ्या, नाहीतर चालत जा.

पुढे गडद हिरवा आला, मग निळा, करडा. मुलूख बदलला तशी गाडीही बदलली. उष्ण देशांसाठी छपरावर दुसरं छप्पर चढलं. मधून वारा खेळावा म्हणून. बेल्जियमच्या मिनर्व्हा कंपनीने १९५२पासून ती बांधली, ती पोलादी अंगाची आणि उतरत्या मडगार्डची. १९५५ साली दोन विद्यापीठांचे तरुण लंडनहून सिंगापूरला निघाले, तेव्हा 'ऑक्सफर्ड' गाडी गडद निळी आणि 'केंब्रिज' फिकट निळी. प्रवास एकत्र, पण रंग ज्याचा त्याचा! हद्द झाली १९६८ साली. ब्रिटिश सैन्याच्या एसएएस तुकडीसाठी वाळवंटात जायच्या ७२ गाड्या चक्क गुलाबी रंगवल्या. तिथल्या पहाटेच्या आणि तिन्हीसांजेच्या धूसर उजेडात हा रंग मिसळून जातो. नाव पडलं 'पिंक पँथर'.

आता हौशी लोक जुन्या गाडीचा मूळ रंग शोधतात, तो सीटखाली नाहीतर डॅशबोर्डच्या मागे. बाहेरचा रंग उन्हाने विटतो आणि फसवतो. जिथे ऊन पोचलं नाही, तिथेच खरा रंग राहतो.

वडील गेल्यानंतर फाटक रंगवायला काढलं. रंगारी म्हणाला, "साहेब, मूळ कोणता होता?" त्याने खरवडून पाहिलं. खाली हिरवा होता, पण पार विटलेला. शेडकार्डातले सगळे हिरवे मी लावून पाहिले. एकही आमचा नव्हता.

मग आत गेलो, कपाटामागून आजोबांची काठी काढली, धूळ पुसली आणि त्याच्या हातात दिली.

"हा," मी म्हणालो. "आणि हे बघा, थोडा जास्तच कालवा."