तगाई आणि आणेवारी

अवर्षण पडलें कीं सरकारनें शेतकऱ्यास कांहींतरी द्यावें, ही अपेक्षा आपल्याकडे जुनी आहे. पण तें कोणत्या अटीवर दिलें गेलें, इकडे आमचें लक्ष क्वचितच जातें. 'तगाई' हा शब्द मूळचा अरबी; बळ देणें हा त्याचा भाव. इ. स. १६७६ मध्यें शिवछत्रपतींनीं प्रभावळीचा सुभेदार रामाजी अनंत यास लिहिलेलें पत्र या दृष्टीनें मुद्दाम वाचावें. ज्या कुणब्याच्या अंगीं शेत करण्याची ताकद आहे, पण बैल नाहींत, त्यास बैलांसाठीं पैका द्यावा, पोटास धान्य द्यावें, आणि वाढीदिढी न करितां केवळ मुद्दल, तेंही त्यास शक्ति येईल तसतसें हळूहळू घ्यावें, असें त्यांत बजाविलें आहे.

इंग्रजी अमदानींत १८७६-७८ च्या दुष्काळानें दख्खन होरपळल्यावर कमिशन बसलें व १८८० सालीं त्याचा अहवाल निघाला. पुढें १८८३ च्या कायद्यानें विहिरी, ताली यांसाठीं, आणि १८८४ च्या कायद्यानें संकटसमयीं बीं व बैल यांसाठीं तगाईची सोय झाली. पण ही तगाई सव्याज होती. थकल्यास ती जमीनमहसुलाच्या बाकीप्रमाणेंच वसूल होई. गांवकऱ्यांनीं मिळून कर्ज काढलें, तर एकाचें देणें सर्वांच्या गळ्यांत पडे. शेतकरी या पैशास बिचके, यांत त्याचें अज्ञान किती आणि शहाणपण किती, हें ज्यानें त्यानें ठरवावें.

खरा दिलासा सारा तहकूब होण्यांत किंवा माफ होण्यांत होता, आणि येथेंच आणेवारी आडवी येई. पीक किती आणे आलें, याचा अंदाज सरकारी अंमलदार करीत. ज्याला सारा घ्यावयाचा, त्याच्याच हातीं ही मोजणी! १८९६-९७ च्या दुष्काळांत टिळकांनीं 'केसरी'तून व सार्वजनिक सभेनें गांवोगांव माणसें धाडून दुष्काळाच्या कायद्यानें रयतेस काय मिळावयास हवें, तें समजावून दिलें. यांत बंडखोरी कोठें होती, तें आम्हांस आजही उमगत नाहीं. पण १८९७ मध्यें सरकारनें त्या सभेचे अर्ज विचारांत घेणेंच बंद केलें.

१९१८ सालीं खेडा जिल्ह्यांत हाच तंटा विकोपास गेला. पीक चार आण्यांहून कमी असेल तर त्या वर्षाचा पुरा सारा तहकूब व्हावा, असा नियम होता. पीक त्याच्या आंत आहे, असें शेतकरी म्हणत. अधिकारी तें मानीनात. गांधीजी व वल्लभभाई यांच्या सांगण्यावरून लोकांनीं सारा रोखला. गुरें व भांडीं जप्त झालीं. अखेर, ज्यांना ऐपत आहे त्यांनीं भरावा, गरिबांचा तहकूब राहील, असें ठरलें. तसा हुकूम एप्रिलांतच सुटला होता, पण लोकांस तो कळला जून उजाडल्यावर. मधल्या दिवसांत ज्यांच्या गोठ्यांतून बैल ओढून नेले, त्यांना या विलंबाचें कारण कोणी सांगितलें असेल काय?

१९५७ मध्यें दशमान नाणीं आलीं आणि आणेवारीची पैसेवारी झाली. त्यानंतर कितीएक वर्षें आपल्या गांवांतून, पीक पन्नास पैशांच्या आंत कीं वर, यावर तलाठ्याशीं वाद चालत राहिला.