पाचवं चाक

बैलगाडीला दोन चाकं असतात, मुंबईच्या व्हिक्टोरियाला चार होती. मग हे पाचवं चाक कुठलं, असा प्रश्न मी २०१८ च्या उन्हाळ्यात डेट्रॉइटजवळ, धाकट्या भावाच्या दारात उभा राहून विचारला होता. दारात एक पांढरंशुभ्र घर उभं होतं. तीस फूट लांब, आत पलंग, शेगडी, फ्रीज, न्हाणीघर आणि एक भिंत बटण दाबलं की बाहेर सरकून खोली मोठी करणारी. पुढचा भाग उंटाच्या मानेसारखा वर उचललेला. निवृत्त झाल्यावर भावाने हा वापरलेला ट्रेलर विकत घेतला होता. अशा ट्रेलरला तिकडे ‘फिफ्थ व्हील’ म्हणतात, म्हणजे पाचवं चाक. मी खाली वाकून मोजलं, चाकं चारच होती.

तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवल्यामुळे शब्दाचं मूळ सापडेपर्यंत मला चैन पडत नाही. इंग्रजीत ‘पाचवं चाक’ म्हणजे नको असलेला, उगाच मध्ये लुडबुडणारा माणूस. एवढी हजारो डॉलरची वस्तू, तिला असं नाव का?

उत्तर घोडागाडीत आहे. दोन चाकांच्या गाडीला वळण्याची अडचण नसते; बैल वळले की गाडी वळते. चार चाकं आली की पंचाईत. आमच्या गावच्या जत्रेतला रथ चार चाकांचा. तो सरळ रस्त्याला जोरात जायचा, पण वेशीजवळच्या वळणावर तासभर अडायचा. पहारी लावा, चाकाखाली पाचरी घाला, पुढून ओढा, मागून रेटा. कारण त्याचा पुढचा आस रथाच्या अंगाला पक्का जखडलेला. युरोपातल्या गाड्या बनवणाऱ्यांनी पुढचा आस मोकळा केला आणि गाडीचं अंग व आस यांच्यामध्ये एक आडवं लोखंडी कडं बसवलं. अंगाचा भार त्या कड्यावर टेकलेला आणि आस त्याच्याखाली डावी-उजवीकडे फिरणारा. जमिनीला कधीच न टेकणारं हे आडवं चाक, तेच पाचवं चाक. व्हिक्टोरियाच्या पुढच्या चाकांच्या वर, चालकाच्या बैठकीखाली, अशी रचना असायची. २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या गाड्या बंद करायचा आदेश दिला. मी लहानपणी चौपाटीवर त्यातून फिरलो होतो, पण बैठकीखाली वाकून बघायचं काही सुचलं नव्हतं.

मोटारी आल्यावर हे कडं मोडीत निघायला हवं होतं, पण झालं उलटंच. त्याची गोष्ट भावाच्याच गावात, डेट्रॉइटमध्ये घडली. ऑगस्ट फ्रुहॉफ नावाचा एक लोहार तिथे गाड्या बांधायचा. १९१४ मध्ये फ्रेडरिक सिब्ली हा लाकडाचा व्यापारी त्याच्याकडे आला. सिब्लीला आपली नाव मिशिगनच्या उत्तरेकडच्या तलावापर्यंत सुट्टीसाठी न्यायची होती. फ्रुहॉफने फोर्डच्या ‘मॉडेल टी’ मोटारीच्या मागे जोडता येईल अशी एक चाकांची चौकट करून दिली. तिचा मागचा भार स्वतःच्या चाकांवर आणि पुढचा भार मोटारीच्या पाठीवर. नाव तलावावर पोचली. सिब्लीला ती युक्ती इतकी आवडली, की त्याने लाकडं वाहायलाही तशीच गाडी करून मागितली. आज जगभर, आपल्या मुंबई-पुणे रस्त्यावरसुद्धा, कंटेनर ओढणारे जे लांबलचक ट्रेलर दिसतात, त्यांच्या घराण्याचा एक मूळपुरुष हा. म्हणजे अवजड मालवाहतुकीची एवढी मोठी व्यवस्था एका माणसाच्या सुट्टीच्या हौसेतून वाढली. इतिहासाच्या पुस्तकांत हौसेला फार कमी जागा मिळते, अशी माझी जुनी तक्रार आहे.

हौसेचा दुसरा मानकरी ग्लेन कर्टिस. राइट बंधूंच्या सावलीत आपण याला विसरलो. हा आधी सायकली, मग मोटारसायकली बनवायचा. १९०७ मध्ये फ्लोरिडाच्या वाळूवर त्याने आपली मोटारसायकल ताशी १३६ मैलांनी पळवली. ४ जुलै १९०८ रोजी ‘जून बग’ हे विमान लोकांसमोर एक किलोमीटरहून अधिक उडवून त्याने बक्षीस मिळवलं. पुढे पेटंटवरून राइट बंधूंशी कोर्टकज्जे झाले. १९२० च्या दशकात तो फ्लोरिडात जमिनी विकसित करू लागला आणि फिरतं घर बनवायचा नाद त्याला लागला. १९२८ मध्ये त्याने ‘एरोकार’ बाजारात आणली. सांगाडा विमानासारखा, हलक्या लाकडाचा आणि तारांनी ताणून बसवलेला. पण खरी गंमत जोडणीत होती. मोटारीच्या मागच्या भागात त्याने हवा भरलेलं एक चाक आडवं बसवलं आणि ट्रेलरच्या नाकाखालचा खुंट त्याच्या मधोमध अडकवला. रस्त्याचे हादरे त्या रबरात जिरायचे. घोडागाडीचं लोखंडी कडं जाऊन तिथे अक्षरशः चाक आलं! कर्टिस १९३० मध्ये ५२ व्या वर्षी वारला आणि मंदीच्या दिवसांत त्याची महागडी गाडी श्रीमंतांचीच राहिली. सामान्य माणसं मोटारीच्या मागे गोळ्याला अडकवायचे साधे ट्रेलर ओढत होती. त्यांची ‘टिन कॅन टूरिस्ट्स’ नावाची संघटनाच १९१९ मध्ये फ्लोरिडात टॅम्पाला निघाली होती. पिकअप ट्रकच्या हौद्यात जोडणी बसवून तिच्यावर सुट्टीचं घर टेकवायची रीत पुढे १९७० च्या दशकात चांगली रुळली.

मागच्या गोळ्यात आणि हौद्यातल्या जोडणीत फरक काय, ते मला भावाने स्वयंपाकघरातल्या टेबलावर बशा मांडून समजावलं. गोळा मोटारीच्या मागच्या चाकांच्याही मागे असतो. तिथे वजन पडलं की मोटारीचं नाक हलकं होतं आणि लांब ट्रेलर वाऱ्याने शेपूट हलवू लागला की मोटारीलाही हलवतो. पाचव्या चाकाचा भार बरोबर मागच्या आसावर किंवा किंचित पुढे पडतो. त्यामुळे ट्रेलर शांत चालतो, अरुंद जागेत वळतो आणि त्याची मान पिकअपच्या वर येत असल्याने एकूण लांबीही कमी होते. तोटा एवढाच, की हौदा अडतो आणि पिकअप दणकट लागतो.

भावजयीला यातलं काहीच पटलं नव्हतं. “चार खोल्यांचं घर झाडताना कंटाळा येतो, हे चाकांवरचं दुसरं घर कोण झाडणार?” असं ती म्हणाली. पण सामान तिनेच भरलं: दोन कुकर, पोळपाट-लाटणं, वीस पौंडांची कणकेची पिशवी, देवांचा डबा, पाहुण्यांसाठी जादा गाद्या. आमचा बेत पश्चिमेला वायोमिंगमध्ये बिगहॉर्न पर्वत ओलांडायचा होता. तिथली पावडर रिव्हर खिंड साडेनऊ हजार फुटांहून उंच.

पहिल्याच सकाळी फजिती झाली. ट्रेलरखालचा खुंट हौद्यातल्या जबड्यात अडकतो आणि जबडा मिटतो. जबडा मिटला का, हे वाकून बघायचं असतं. मग ट्रेलरचे ब्रेक दाबून ठेवून पिकअप जरासा पुढे ओढून बघायचा आणि त्यानंतरच ट्रेलरचे पुढचे पाय उचलायचे. भावाने पाय आधी उचलले. खुंट जबड्याच्या वरच टेकला होता. गाडी हातभर पुढे गेली आणि ती पांढरी मान धाडकन हौद्याच्या कडांवर बसली. दोन्ही कडा चेपल्या. कुणाला लागलं नाही. भाऊ बराच वेळ बोलला नाही आणि मीही “मी म्हटलं होतं” असं म्हणालो नाही, कारण मी काही म्हटलंच नव्हतं.

दुरुस्तीत दोन दिवस गेले. मग आम्ही एल्कहार्टला गेलो. इंडियाना राज्यातलं हे गाव म्हणजे फिरत्या घरांची पंढरी. अमेरिकेतली बहुतेक अशी घरं या राज्यात बनतात. २००८ च्या मंदीत लोकांनी हौस थांबवली आणि इथली बेकारी १८ टक्क्यांच्या वर गेली. फेब्रुवारी २००९ मध्ये अध्यक्ष ओबामांनी येऊन इथे सभा घेतली होती. तिथल्या संग्रहालयात १९१३ सालचा एक ट्रेलर आहे, ‘मॉडेल टी’ला जोडलेला. आत दोन माणसं जेमतेम झोपतील. मी त्याच्यासमोर उभा होतो तेव्हा मनात आलं, याला ओढायला ती इवलीशी मोटार पुरत होती. मग आपल्याला एवढा मोठा पिकअप पुरतो का?

तसं विचारलं. भाऊ म्हणाला, “दादा, ओढायची क्षमता साडेदहा हजार पौंड आहे. ट्रेलर ७,३०० चा. विकणाऱ्याने लिहून दिलंय.”

आम्ही दोघं एकाच बैलगाडीवर वाढलो. वडील कडबा भरताना आधी मागचा भाग भरू द्यायचे नाहीत. भार आसाच्या मागे गेला की गाडी उलाळ होते, जू वर उचललं जातं आणि बैलांचा गळा आवळला जातो. फार पुढे भरला तर बैलांची मान मोडते. गाडी किती ओढेल याचा हिशेब वेगळा आणि बैलांच्या मानेवर किती पडेल याचा वेगळा, हे आम्हाला शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक होतं. मी एवढंच विचारलं, “मानेवर किती पडतंय?”

भाऊ उठला आणि पिकअपचं दार उघडून चौकटीवरची पट्टी वाचू लागला. माणसं आणि सामान मिळून १,६४० पौंडांहून जास्त घालू नये, असं तिथे छापलेलं होतं. दोन वर्षं ते दार तो रोज उघडत होता.

महामार्गावरच्या ट्रक थांब्यावर वजनकाटा होता. आधी ट्रेलरसकट आणि मग ट्रेलर उभा करून नुसता पिकअप, असं दोनदा वजन केलं. ट्रेलरच्या चाकांवर ७,३६० पौंड आणि पिकअपच्या पाठीवर १,८४०. म्हणजे ट्रेलर ७,३०० चा नव्हे, ९,२०० चा भरला. कारखान्यातून निघालेलं रिकामं वजन आणि संसार भरल्यावरचं वजन यांत १,९०० पौंडांचा फरक! पाण्याची ५० गॅलनची टाकीच भरल्यावर ४०० पौंडांहून जड होते; बाकी बॅटऱ्या, गॅसची नळकांडी, गाद्या आणि कुकर. पाठीवरच्या १,८४० मध्ये हौद्यातली १६० पौंडांची लोखंडी जोडणी आणि आम्हा तिघांचे ४८० मिळवले, की होतात २,४८०. पट्टीवर १,६४०. पाचव्या चाकाच्या ट्रेलरचं साधारण १५ ते २५ टक्के वजन पिकअपच्या पाठीवर येतं. आमचं बरोबर २० टक्के होतं. म्हणजे ट्रेलरचं काही चुकलं नव्हतं. बैल लहान होते.

आठशे चाळीस पौंड कुठून कमी करणार? भावजय म्हणाली, “कुकर एकच ठेवते.” तिघंही हसलो, पण भावाचा चेहरा उतरला होता. घेताना त्याने स्वयंपाकघर पाहिलं, खिडक्या पाहिल्या, पलंगाची लांबी मोजली. खरेदी उलट्या बाजूने करायला हवी होती: आधी दाराची पट्टी, मग संसारासकट ट्रेलरचं वजन, आणि खिडक्या सगळ्यांत शेवटी. विकणाऱ्याला फोन केला तर त्याने निम्म्या किमतीला परत घेतो म्हटलं. मोठा पिकअप घ्यायचा तर निवृत्तीच्या शिल्लकेतला मोठा लचका गेला असता. भाऊ आणि भावजय दोन दिवस एकमेकांशी मोजकंच बोलत होते. परक्या देशात, पाहुणा म्हणून, दोघांच्या मध्ये मी खरोखरच इंग्रजीतलं पाचवं चाक झालो होतो.

शेवटी ट्रेलर हळूहळू ओढत मिशिगन सरोवराच्या काठी एका तळावर नेऊन ठेवला आणि आम्ही नुसत्या पिकअपने, साध्या मोटेलांत उतरत, वायोमिंगला गेलो. पावडर रिव्हर खिंडीतून उतरताना एका वळणापाशी थांबलो होतो. वरून एक फिफ्थ व्हील खाली येत होतं. ते पुढे गेल्यावर जळक्या ब्रेकचा वास कितीतरी वेळ हवेत राहिला. भावाने काच वर केली. कुणीच काही बोललं नाही.

पुढची दोन वर्षं तो ट्रेलर सरोवराकाठीच राहिला. भावजयीला तो तिथे आवडू लागला. बाहेर तुळस लावायलाही जागा होती. मग कोरोना आला. हॉटेलं नकोत म्हणून अमेरिकेत सगळे फिरत्या घरांमागे लागले आणि २०२१ मध्ये कारखान्यांतून सहा लाखांवर घरं बाहेर पडली. जुन्यांनाही भाव आला. भावाचा ट्रेलर त्याने घेतला होता जवळजवळ त्याच किमतीला गेला.

घ्यायला आलेलं जोडपं मागे चार चाकं असलेला भला थोरला पिकअप घेऊन आलं होतं. तरी भावाने त्यांच्या दाराची पट्टी वाचली. मग खुंट जबड्यात अडकवला, गुडघ्यावर बसून टॉर्चने जबडा पाहिला, ब्रेक दाबायला लावून गाडी दोनदा पुढे ओढवली आणि त्यानंतरच पाय उचलू दिले. हे सगळं भावजयीने मला फोनवर सांगितलं. कुकर मात्र तिने आठवणीने काढून घेतले होते, दोन्ही.